ट्रंकेतल्या तीन कॅसेट्स

माझ्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव लिहिलेलं आहे. नंबर आणि नाव तेच राहिलं, रँक मात्र चार वेळा खोडून लिहावी लागली. परवा ट्रंक उघडली, तर तळाशी तीन कॅसेट्स सापडल्या.

आमच्या वेळी पेन्सिल सेल म्हणजे सोनं. ते वाचवायला कॅसेट पेन्सिलीने फिरवून मागे घ्यायची, आणि थंडीत सेल स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपायचं. त्यामुळे गाणी सुटी ऐकण्याची चैन नव्हतीच. कॅसेट लावली की पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर येतं, मध्ये किती शांतता आहे, सगळं पाठ व्हायचं.

पहिली कॅसेट भीमसेन जोशींच्या अभंगांची. वडिलांनी दिलेली. १९९३ साली तवांगच्या बाजूला होतो. सिग्नल्समध्ये सगळ्या मुलखांतली पोरं असतात. आमच्या बंकरमध्ये एक गढवाली, एक तमिळ, एक पंजाबी आणि मी. आधी तिघे हसायचे. महिन्याभरात अशी वेळ आली की भीमसेनांनी विठ्ठलाचं नाव घेतलं की लंगरमधून तमिळ गड्याचा आवाज यायचा. शब्दांचा अर्थ त्याने कधी विचारला नाही, मीही सांगितला नाही.

दुसरी ‘गारवा’. चाली आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा, शब्द सौमित्र यांचे. पावसाची कॅसेट, आणि मी ती ऐकली २००२ च्या उन्हाळ्यात, जैसलमेरच्या वाळूत. ‘पराक्रम’मध्ये गेलेल्यांना तो उन्हाळा सांगायला नको. डिसेंबरात गेलो ते ऑक्टोबरपर्यंत कूच नाही की माघार नाही. दुपारी सेटच्या धातूला हात लावला तर चटका बसायचा. अशा वेळी कानात पाऊस. टेपच्या चाकांत वाळू गेल्याने पाऊससुद्धा किरकिरत पडायचा, तरी बरं वाटायचं.

आता तिसरी. खरं तर तिच्याचसाठी लिहायला बसलो.

‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ साली एचएमव्हीने काढलेली. शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, ब्रिजभूषण काब्रा गिटारवर, आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. शिवकुमारजी मूळचे जम्मूचे. सूफियाना मौसिकीत वाजणारं शंभर तारांचं संतूर त्यांनी शास्त्रीय संगीताच्या मैफलीत आणलं. या कॅसेटमध्ये एकही शब्द नाही, पण गोष्ट आहे: काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटे अहिरभैरव, मग नटभैरव, पिलू, संध्याकाळी भूप, नंतर देस आणि शेवटी पहाडी. दिवस उगवतो, चढतो, मावळतो.

२००४ मध्ये जम्मूच्या रघुनाथ बाजारात ती घेतली आणि राजौरीच्या वर, पीर पंजालच्या अलीकडच्या उतारावरच्या एका पोस्टवर गेलो. आमचाही दिवस तसाच बांधलेला होता. पहाटे अंधारात स्टँड-टू, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. पहाटेचं स्टँड-डाऊन झालं, चहाचा मग हातात आला की मी अहिरभैरव लावायचो. समोर धुकं उठत असायचं. ही कॅसेट आपल्याच पोस्टवर बसून वाजवली आहे असं वाटायचं.

मे महिन्यात बकरवाल वर जायला लागतात. हिवाळा जम्मूच्या बाजूला काढायचा आणि उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या, घोडी, कुत्री, पोरंबाळं घेऊन डोंगर ओलांडून काश्मीर खोऱ्यातल्या कुरणांवर जायचं. पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता. तो आमच्या पोस्टखालून जायचा. त्या आठवड्यात आम्हाला इशारा होता: कळपाबरोबर कोणीही जाऊ दे, नावं खालून तपासल्याशिवाय सोडायचं नाही.

एका दुपारी एक म्हातारा, दोन बाया आणि साधारण दीडशे जनावरं आली. ओळखपत्रं घेतली, नावं सेटवरून खाली कळवली. उत्तर यायच्या आत वीज कडाडायला लागली. डोक्यावर वीज असेल तर अँटेना काढून ठेवायची, हा नियम. मी काढली. टेलिफोनची लाइन चार दिवसांपासून तुटलेली होती. म्हणजे उत्तर येणार कुठून? गारा सुरू झाल्या. बायांना आम्ही छपराखाली घेतलं. म्हातारा आला नाही, जनावरांत उभा राहिला.

मी वरून ओरडलो, “चाचा, अंदर आ जाओ!”

तो म्हणाला, “साहब, ये कहाँ जाएँगी?”

निरोप गेला १६१० ला, उत्तर आलं १७५० ला. माझ्या लॉगमध्ये दोन्ही वेळा माझ्याच अक्षरात आहेत. उत्तर होतं, जाऊ द्या. म्हाताऱ्याने ओळखपत्रं फेट्यात खोचली आणि कळप मोजला. दोन-तीन दिवसांचं एक करडू उठलं नाही. त्याने ते रस्त्याच्या कडेला ठेवलं, वर दगड रचले आणि निघाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी स्टँड-टू नंतर सवयीने कॅसेट लावली. भूप संपला. देस सुरू झाला आणि मी बटण दाबलं. देस पावसाचा राग. त्या दिवशी पाऊस ऐकवत नव्हता. नंतर बदली झाली, पेन्शन झाली, कॅसेट ट्रंकेतच राहिली.

१० मे २०२२ ला शिवकुमारजी गेले. बातम्यांत संतूर वाजलं. सौ. म्हणाली, “हे तर तुमचं ते.” रात्री मुलाच्या फोनवर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पहिल्यापासून लावली. अठरा वर्षांनी देसच्या पुढे गेलो आणि पहाडीपर्यंत पोचलो.

त्या दिवशी मी चुकलो का? नियमाने नाही. पुन्हा तशी वीज आली तर पुन्हा अँटेना काढीन, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा थांबवीन. पण कॅसेटमधल्या मेंढपाळाला दिवसभरात कोणी थांबवत नाही. त्याचा दिवस सकाळी सुरू होतो आणि रात्री शांतपणे संपतो. अशा माणसांचा दिवस तसा जावा म्हणूनच आपण तिथे आहोत, असं आम्हाला सांगितलं होतं आणि मी ते मानत होतो, आजही मानतो. एका माणसाचा एक दिवस माझ्यामुळे तसा गेला नाही, हेही तितकंच खरं. पहाडी ऐकताना पहिल्यांदाच दोन्ही गोष्टी शेजारी ठेवता आल्या.

तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्यावर ड्यूटी केली असेल, तर पहाटे एकदा ती ऐका. मध्येच बंद करू नका.

जय हिंद.