कपाटातला डबा

गोल्डफिश दिसायला गोजिरा, पण खाणं आणि घाण करणं दोन्ही भरपूर. आमच्या तीन फुटी टँकमधल्या चौघांपुढे काचेला अडकवलेला हँग-ऑन फिल्टर पुरेनासा झाला, तेव्हा कॅनिस्टर घेतला. टँकमध्ये दीडशे लिटर पाणी. तासाभरात ते निदान चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरायला हवं. पण खोक्यावरचा आकडा सहसा रिकाम्या डब्याचा असतो, आत गाळण्याचं साहित्य, म्हणजे मीडिया, भरला की ओघ घटतो. म्हणून तासाला हजार लिटरवाला निवडला.

झाकणात पंप असलेला हा बंद डबा टँकखालच्या कपाटात बसतो. एका पाइपने पाणी आपसूक खाली उतरतं, गाळलेलं पाणी पंप दुसऱ्या पाइपने वर चढवतो. आमच्या डब्यात ते तळातून वर जातं, म्हणून खाली जाड स्पंज, मध्ये धुऊन घेतलेल्या सिरॅमिक रिंग्ज आणि सगळ्यात वर बारीक कापूस. कार्बनची पिशवी दुकानदार आग्रहाने देत होता. ती मी घेतली नाही. माशांना औषध दिल्यावर ते पाण्यातून काढायला कार्बन कामाचा, रोज त्याची गरज नसते.

वेळ खाल्ला तो पाइपांनी. टोक गरम पाण्यात धरल्याशिवाय ते नळीवर चढेचना. लांबी बेताची ठेवून कापले, कारण मध्ये झोळ पडला की तिथे हवा साचते. वायरला मात्र मुद्दाम झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच ठिबकतं.

डबा आधी पाण्याने भरून घेतला, नळ उघडले आणि प्राइमचं बटण दाबत राहिलो. हिरव्या पाइपमधून पाणी सरसर उतरलं. मग वीज सुरू केली, तर नुसती घरघर. आत हवा अडकली होती. डबा दोन्ही हातांनी धरून हळूच तिरका केला, तसे वरच्या नळीतून फसफसून बुडबुडे निघाले आणि घरघर थांबली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “बंद पडलं का रे?”

दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं दिसत होतं, पण ती करामत कापसाची. माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या रिंग्जवर वसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर जुना फिल्टर शेजारी चालू ठेवला आणि त्याच्यातला मळका स्पंजही डब्यात कोंबला. रिंग्ज नळाखाली घासायच्या नाहीत, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात खळबळायच्या, एवढंच. हे आईच्या पचनी अजून पडलेलं नाही. तिच्या हाताला सारखी घासणी येते.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी अधूनमधून वीज जाते. बंद डब्यातला प्राणवायू जिवाणू लवकर संपवतात, पाणी नासतं, आणि वीज येताच पंप तेच पाणी माशांच्या अंगावर सोडतो. म्हणून वीज गेली की आधी बटण बंद. तासाभराने आली तर काही करत नाही. दुपार उलटली तर मीडिया टँकच्या पाण्याच्या टबात काढून बॅटरीवरचा एअरपंप लावतो, डब्यातलं पाणी मोरीत ओततो आणि प्राइम पुन्हा पहिल्यापासून.