पक्की मांड

आपल्या बेंबळीत लग्नसराई सुरू झाली, की संध्याकाळी ताशाचा आवाज कानी पडतो आणि मागोमाग वरातीची घोडी दिसते. अंगावर झूल, कपाळावर गोंडा. तुमच्यापैकी बहुतेकांनी घोडा जवळून पाहिला असेल तो असाच. माझे चाचा हाच व्यवसाय करतात. त्यामुळे माझे बालपण घोडीच्या खुंट्याजवळ गेले. घोडीच्या पाठीवर कसे बसावे, हे आज मला तुम्हांला सांगायचे आहे. “त्यात काय सांगायचे? चढायचे आणि बसायचे!” असे तुम्ही म्हणाल. थोडे थांबा.

काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत चाचांची घोडी महिनाभर खुंट्याला बांधून ठेवावी लागली. तिच्या ओठांचे कोपरे फाटले होते. ती दाणा तोंडात घेई आणि टाकून देई. असे का झाले? वरातीत बसणारा नवरदेव बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला असतो. घोडी हलली, की त्याचा तोल जातो. तोल गेला, की माणूस हाती असेल ते घट्ट धरतो, आणि हाती असतो लगाम. त्या महिन्यात घरात पैसा आला नाही. कडबा मात्र विकत घ्यावा लागला. तेव्हापासून चाचा नवरदेवाच्या हाती लगाम देतच नाहीत. खोगिराची पुढची उंच कड धरायला सांगतात.

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी सळई त्याच जागी, हिरड्यांवर आणि जिभेवर टेकते. हे नीट समजावे म्हणून मी नववीच्या वर्गात सुतळीचा एक खेळ घेतो. एका मुलाने डोळे मिटून सुतळीची दोन टोके दोन हातांत धरायची, तो घोडा. दुसऱ्याने मागे उभे राहून सुतळीचा मधला भाग दोन्ही हातांनी धरायचा, तो स्वार. स्वाराने नुसती करंगळी हलवली, तरी पुढच्याला कळते. मग मी स्वाराला एका पायावर उड्या मारायला सांगतो. पुढच्या मुलाचे हात असे हिसडतात, की सारा वर्ग हसतो. तुम्हीही करून पाहा. हातात सुतळी धरली आहे, ती तोंडात धरलेली नाही, एवढे मात्र लक्षात असू द्या.

म्हणजे लगाम हलका धरायचा असेल, तर आधी तोल सांभाळता आला पाहिजे. घोड्यावरच्या या पक्क्या बसण्याला मराठीत ‘मांड’ असा सुंदर शब्द आहे. स्वाराची मांड पक्की आहे, असे आपण म्हणतो. घोड्याविषयीचे इतर कितीतरी मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. तुमची ‘रकाब’ मराठीत ‘रिकीब’ झाली. लगाम, तंग, नाल हे शब्द तर तसेच राहिले. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई म्हणजे पूर्वीचे मोमिनाबाद. तेथे निजामाच्या काळी घोडदळाची छावणी होती.

मी बी. एड.साठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला होतो, तेव्हा दर रविवारी एका निवृत्त दफेदारसाहेबांकडे घोडेस्वारी शिकायला जात असे. ते इंग्रजी पद्धतीची स्वारी शिकवत. या पद्धतीत खोगीर हलके आणि सपाट असते. धरायला पुढे उंच कड नसते. सारी भिस्त मांडीवर! पहिले कित्येक रविवार त्यांनी मला रिकिबीही दिल्या नाहीत आणि लगामही दिला नाही. ते मध्ये उभे राहून घोड्याला लांब दोरीने रिंगणात फिरवत. मी दोन्ही हात पंखांसारखे पसरून बसे. कधी हात डोक्यावर, कधी कमरेवर. “हातांना विसर, कमरेला आठव,” असे ते म्हणत. घरी चाचाही वेगळे काय सांगत? “बेटा, हात हलका रख.”

बसावे कसे, तेही सांगतो. बाजूने पाहिले, तर स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. कोपरापासून लगामाच्या सळईपर्यंत दुसरी सरळ रेषा. टाच खाली, नजर समोर. खाली पाहिले, की डोके पुढे झुकते आणि त्यामागे खांदेही जातात. नवशिका मात्र खुर्चीवर बसल्यासारखा बसतो. पाय पुढे आणि भार मागे, घोड्याच्या कमरेकडे. तिथे बरगड्यांचा आधार नसतो. म्हणून घोड्याची पाठ दुखावते. ही खोड फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक लेखकाने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे न बसता पाय फाकून ताठ उभे असल्यासारखे बसावे, असे त्यानेही सांगितले आहे. दफेदारसाहेबांची परीक्षा याहून सोपी होती. ते विचारत, “आत्ता खालचा घोडा नाहीसा झाला, तर तू पायांवर उभा राहशील, की पाठीवर पडशील?”

खरी कसोटी दुडक्या चालीत लागते. या चालीत घोडा पुढचा एक पाय आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा मागचा पाय एकदम उचलतो. प्रत्येक पावलाला स्वार वर फेकला जातो. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारात रेवाल चालीच्या घोड्याला मान असतो, कारण त्या चालीत स्वाराला हिसके बसत नाहीत. इंग्रजी पद्धतीत मात्र स्वारच एका ठोक्याला किंचित उठतो आणि दुसऱ्या ठोक्याला अलगद बसतो. रिंगणात फिरताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जातो, तेव्हा उठायचे. हे एकदा जमले, की घोड्याची पाठही सुटते आणि आपलीही!

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी घोडेस्वारीत सुवर्णपदक मिळवले, तर गुलाम मोहम्मद खान यांनी रौप्यपदक. त्यानंतर घोडेस्वारीतले सुवर्ण मिळायला ४१ वर्षे लागली. २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे भारताच्या संघाने ड्रेसाज या प्रकारात ते मिळवले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाजमध्ये शर्यत नसते, उडी नसते. घोडा जणू आपल्या मनानेच चाली बदलतो, वळतो, थांबतो. स्वाराने कंबर आणि पाय यांनी दिलेल्या खुणा पाहणाऱ्याला दिसतही नाहीत. मला हा प्रकार सर्वांत अवघड वाटतो. उडीच्या वेळी निदान सगळ्यांना कळते तरी, की स्वार काही करतो आहे!

माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरीही वरातीची घोडी आहे. पाऊस सुरू झाला, की वराती थांबतात आणि घोडी मोकळी असते. मग शाळा सुटल्यावर मी मैदानात दोरी धरून उभा राहतो आणि तो रिकिबींशिवाय फेऱ्या मारतो. आता हात सोडून तो दुडक्या चालीत पाच फेऱ्या पुऱ्या करतो. त्याची डावी टाच मात्र अजून वर उचलली जाते. लगाम त्याच्या हाती अजून दिलेला नाही.