लाल पाण्यावरचा चढ

आम्हांला मोटारीतले फारसे कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. वर्गात छंदशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने रविवारच्या संध्याकाळी इंजिनांचा कर्कश आवाज ऐकत बसावे, हे आमच्या सहकाऱ्यांना नेहमीच थोडे विचित्र वाटत आले आहे. पण व्यसने काही पदव्या पाहून लागत नाहीत. आमचे व्यसन २७ ऑगस्ट २००० या दिवशी पक्के झाले. बेल्जियममधल्या स्पा-फ्राँकोरशाँच्या सर्किटवर मिका हाक्किनेनने मिखाएल शूमाखरला मागे टाकले, तेव्हा त्या दोघांच्या मध्ये रिकार्डो झोंटाची एक फेरी मागे पडलेली गाडी होती. शूमाखर तिच्या एका बाजूने गेला, हाक्किनेन दुसऱ्या बाजूने, आणि पुढच्या वळणावर क्रम बदललेला होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर आम्ही उभे राहिलो होतो. बसायचे आहे हे बऱ्याच वेळाने लक्षात आले.

त्या झेपेला लागणारा वेग ज्या जागी मिळतो, ती जागा आमच्या मनात त्या दिवसापासून घर करून राहिली. आर्देनच्या जंगलात लोहयुक्त पाण्याचा एक लहानसा तांबूस ओढा आहे. त्याचे नाव ओ रूज, म्हणजे लाल पाणी. सुरुवातीच्या रेषेपासून पहिले वळण घेऊन मार्ग उताराने या ओढ्यापर्यंत येतो, तळाशी किंचित डावीकडे वळतो आणि लगेच उजवीकडे वळत समोरच्या टेकडीवर चढतो. या चढाला रेदियों म्हणतात. चढ इतका उभा आहे की खालून माथ्यापलीकडचे काहीच दिसत नाही. चालकाला आकाश दिसते, आणि पुढचा मार्ग असेल तिथेच असेल यावर विश्वास ठेवावा लागतो. लयीचे उदाहरण म्हणून ही वळणांची जोडी आम्ही एकदोनदा वर्गात फळ्यावर काढूनही दाखवली आहे. यतीची जागा चुकली की ओळ कशी कोसळते, हे समजावून सांगायला ती फार सोयीची होती.

३१ ऑगस्ट २०१९ च्या शनिवारी रात्री ती सोय संपली. फॉर्म्युला टूच्या शर्यतीत याच चढाच्या माथ्याशी आँतोआन ह्युबेर हा बावीस वर्षांचा फ्रेंच चालक गेला. त्या वेळी यंत्र-अभियांत्रिकी शिकत असलेला आमचा भाचा घरी आला होता. पडद्यावर पुन्हा पुन्हा जंगल आणि थांबलेल्या गाड्या दिसत होत्या. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मामा, तुम्ही या वळणाला कविता म्हणता ना? ती वाचणारे आपण. पण तिथे गाडीत बसलेल्याचे काय?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. ह्युबेरचा लहानपणापासूनचा मित्र शार्ल लक्लेर याने त्या दिवशी कारकिर्दीतला पहिला विजय मिळवला आणि तो मित्राला अर्पण केला. आम्ही ती शर्यत पाहिली. पाहावी की नाही, असा प्रश्न तासभर स्वतःला विचारून मग पाहिली.

जुनी सर्किटे आजच्या गाड्यांना पेलतात का, हा प्रश्न निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ही परंपरा आहे, हिला हात लावू नका. दुसरा म्हणतो, ही धोकादायक आहे, बंद करा. पहिल्या पक्षाला आमचा एक पेशेवाईक प्रश्न आहे: मूळ संहिता कोणती? स्पाचा मार्ग १९२० च्या सुमारास कल्पिला गेला तेव्हा तो फ्राँकोरशाँ, मालमेदी आणि स्टावलो या गावांना जोडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांचा, सुमारे पंधरा किलोमीटरांचा त्रिकोण होता. त्या मार्गावर रेदियों नव्हताच. गाड्या ओढा ओलांडून जुन्या जकातनाक्याकडे जात आणि तिथे एक अगदी आखूड वळण घेऊन परत येत. पहिल्या महायुद्धापूर्वी मालमेदी जर्मनीत होते, म्हणून तिथे नाका होता. ते संथ वळण गाळून टेकडीवर थेट चढणारा रस्ता १९३९ मध्ये बांधला गेला, तोही सर्किट अधिक वेगवान व्हावे म्हणून. ज्याला आज आपण अस्सल आणि अस्पर्श समजतो, ते मुळात एक आधुनिकीकरण होते. पुढे १९७९ मध्ये मार्गाचा मोठा भाग गाळून तो सात किलोमीटरांचा करण्यात आला. नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला त्याला आपण परंपरेचा द्रोह म्हणत नाही; मग इथे एक भिंत सरकवली तर का म्हणावे?

त्या गाळलेल्या भागाविषयी हळहळणारे पुष्कळ आहेत, आणि कधीकाळी त्यांत आम्हीही होतो. त्यांनी १९६० आणि १९६६ ही दोन वर्षे आठवावीत. १९६० च्या शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोन तरुण काही मिनिटांच्या अंतराने मरण पावले. स्टेसीच्या तोंडावर पक्षी आदळला होता. १९६६ मध्ये पहिल्याच फेरीत पावसाने गाठले आणि जॅकी स्टुअर्टची गाडी मास्टाच्या वळणावर रस्ता सोडून गेली. गळणाऱ्या इंधनात भिजत तो सुमारे पंचवीस मिनिटे गाडीत अडकून होता. तिथेच घसरलेले ग्रॅहॅम हिल आणि बॉब बॉन्डुरंट हे दोन प्रतिस्पर्धी धावून आले. स्टिअरिंग सोडवायला त्यांच्याजवळ पाना नव्हता. तो एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. त्यानंतर स्टुअर्ट आपल्या स्टिअरिंगला एक पाना चिकटवून शर्यतीत उतरू लागला, आणि सुरक्षेसाठी त्याने जे आंदोलन उभारले त्याबद्दल त्याला भित्रा म्हणणारेही निघाले. जुन्या मार्गावरची फॉर्म्युला वनची शेवटची शर्यत १९७० मध्ये झाली.

पण आमच्या भाच्याचा प्रश्न आजच्या मार्गाविषयी होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला त्याच्याकडूनच बरेच शिकावे लागले. १९९९ मध्ये ही वळणे ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता घेता येतील की नाही, हा खरोखरीचा प्रश्न होता. त्या वर्षीच्या पात्रता फेरीत जाक विलनव्ह आणि रिकार्डो झोंटा हे एकाच संघाचे दोघे तसा प्रयत्न करताना इथे भयंकर आपटले. (हाच तो पुढच्या वर्षीचा झोंटा. काही माणसे इतिहासात अशी मधोमध सापडतात.) नंतरच्या वर्षांत गाडीला जमिनीकडे दाबून धरणारा हवेचा जोर वाढला, टायर सुधारले, आणि कोरड्या मार्गावर पाय न उचलता चढ घेणे ही रीतच झाली. गाडी आज ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने माथा ओलांडते. वळण नकाशावर आहे, गाडीच्या लेखी ती जवळजवळ सरळ रेषा आहे.

इथेच आम्हांला गोम दिसते. वळणाने विचारलेला प्रश्न मिटला, पण चुकीची शिक्षा शिल्लक राहिली. आंधळा माथा तसाच आहे. कडेला गेलेली गाडी अडथळ्यावर आदळून पुन्हा मार्गाकडे फेकली जाते, आणि खालून येणाऱ्याला ती वेळेत दिसत नाही. १९८५ मध्ये श्टेफान बेलोफ इथे गेला तो जॅकी इक्सला ओलांडण्याचे साहस करताना. त्याच्या मरणात निदान त्याच्या निर्णयाचा वाटा होता. ह्युबेर पुढे झालेला अपघात चुकवायला गेला आणि अडथळ्यावरून परतलेल्या त्याच्या गाडीवर मागून आलेली गाडी धडकली. त्याच्या कौशल्याची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती.

पावसात हा विसंगतपणा आणखी उघडा पडतो. आजच्या गाड्यांची रुंद चाके आणि तळातून वेगाने जाणारी हवा पाण्याचा असा फवारा उडवतात की मागच्याला पुढची गाडी दिसत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या उंच झाडांमुळे तो फवारा तिथेच धुक्यासारखा तरंगत राहतो. २०२१ ची शर्यत सेफ्टी कारच्या मागे काही फेऱ्या काढून उरकली गेली आणि अर्धे गुण वाटले गेले. त्या दिवशी भर पावसात छत्र्या घेऊन तासन्तास बसलेल्या प्रेक्षकांची आम्हांला कीव आली. १ जुलै २०२३ रोजी कनिष्ठ श्रेणीच्या एका शर्यतीत, चढाच्या पुढच्या सरळ पट्ट्यावर, अशाच पावसात अठरा वर्षांचा डिलानो फान्ट हॉफ गेला. कीव करण्याजोगे त्यात काही नव्हते.

मोनॅकोची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १९२९ पासून त्या शहराच्या गल्ल्यांतून शर्यत होते. तिथला ३.३३७ किलोमीटरांचा मार्ग चालकाला आजही प्रत्येक वळणाला प्रश्न विचारतो, पण फक्त शनिवारी, पात्रता फेरीत, एकेकट्याला. १९६१ मध्ये स्टर्लिंग मॉसने अधिक ताकदीच्या फेरारींना मागे ठेवून तिथे विजय मिळवला, तेव्हा गाडीचे किमान वजन ४५० किलो होते. २०२५ मध्ये ते ८०० झाले होते आणि गाडी दोन मीटर रुंद होती. अशा दोन गाड्या त्या गल्लीत शेजारीशेजारी मावत नाहीत. २०२४ ची शर्यत पहिल्या फेरीतल्या अपघातामुळे थांबवली गेली, त्या विश्रांतीत सर्वांनी टायर बदलून घेतले, आणि पहिले दहा जण ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचले. जिंकला लक्लेर, स्वतःच्या गावात. २०२५ मध्ये दोनदा टायर बदलणे सक्तीचे केले, तर काही संघांनी एका चालकाला मुद्दाम हळू चालवून दुसऱ्यासाठी अंतर तयार केले. नियम करणाऱ्यांना संहितेपुढे टीपच लिहिता आली. २०२६ च्या नियमांत गाडी दहा सेंटिमीटर अरुंद झाली आहे. गल्लीला त्याचे काय?

तरी मोनॅको बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. तिथला शनिवार आम्हांला पुरतो. स्पाविषयी आमचे मत बनायला मात्र वेळ लागला. मर्ढेकरांनी अभंग-ओवीत गिरणी आणि गणपत वाणी आणले, तेव्हा छंद जुना होता पण त्याचा ताण नव्याने भरावा लागला. स्पाला २०२२ च्या हंगामाआधी तसे काही घडले. रेदियोंच्या कडेचे अडथळे मागे सरकवले आणि काही वळणांच्या कडेला डांबराऐवजी पुन्हा खडी आली. खडीत गेलेली गाडी मंदावते, रुतते. चालकाची शर्यत जाते, आयुष्य सहसा जात नाही. चुकीला किंमत असावी, आणि ती इतपतच असावी, हे आमचे उत्तर. भाच्याला ते पटले नाही. तो म्हणतो, माथा आंधळा आहे तोवर खडीने काय होणार? २०२३ नंतर आम्हीही हे तितक्या ठामपणे बोलत नाही. २०२६ आणि २०२७ नंतर स्पाची शर्यत दरवर्षी होणार नाही, एक वर्ष आड होईल, असे ठरले आहे. या बातमीने आम्हांला दुःख झाले, आणि थोडे हायसेही वाटले.

जुलै २०२५ मध्ये पावसामुळे शर्यत सुमारे ऐंशी मिनिटे खोळंबली. एव्हाना नोकरीला लागलेल्या भाच्याचा फोन आला. "मामा, बघताय ना?" आम्ही हो म्हटले. फोन कानाशी तसाच ठेवून आम्ही दोघे आपापल्या पडद्यावरचे ओले जंगल पाहत राहिलो. लोक चिडून थांबण्याला नावे ठेवत होते. आम्हांला एकदाही तसे वाटले नाही. अखेर सेफ्टी कार निघाली आणि तिच्यामागून एकेक गाडी ओढ्यावरून वर चढू लागली. प्रत्येकीमागे पांढरा फवारा उठत होता आणि झाडांत अडकून राहत होता. शेवटची गाडी माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा फोनवरून आवाज आला, "गेल्या सगळ्या नीट." आम्ही चहा टाकायला उठलो.