चतकोर

दाराचं काम बघायला गेलो की मी आधी खडू आणि सुतळी काढतो. सुतळीचं एक टोक बिजागरीच्या जागी धरायचं, दुसऱ्याला खडू बांधून जमिनीवर कमान ओढायची. तीन फुटी झडपेचा हा चतकोर भरतो सात चौरस फूट. तिथे खुर्ची ठेवता येत नाही, चपलाही काढता येत नाहीत. चौरस फुटाने जागा विकत घेणाऱ्या शहरात दार एवढं रोज खातं आणि कोणी हिशेब मागत नाही.

ठाण्यातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खडूची रेघ थेट बाकाला जाऊन टेकली. डॉक्टर म्हणाल्या, "ऑटोमॅटिक दार लावा, जागा सुटेल." म्हटलं, "मॅडम, मोटरने जागा सुटत नाही. उलट याच दाराला मोटर लावली, तर हा चतकोर आणखी काटेकोर मोकळा ठेवावा लागेल. जागा सुटते दार सरकतं केल्याने." मोटर हवी होती ती वेगळ्या कारणासाठी. दोन्ही हातांनी वॉकर धरलेल्या माणसाने दार सरकवायला तिसरा हात कुठून आणायचा?

सरकतं दार जमीन सोडतं, पण भिंत मागतं. व्हीलचेअरसाठी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट मोकळी वाट हवी. एकच झडप सरकवायची तर बाजूला तेवढीच भिंत रिकामी लागते. इथे दोन फुटांवर खांब उभा. मग टेलिस्कोपिक दार निवडलं. लिफ्टमध्ये ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं: दोन अरुंद झडपा एकाच बाजूला जातात, पुढची मागचीच्या दुप्पट वेगाने, आणि शेवटी दोघी एकमेकींच्या मागे उभ्या राहतात. दीड फुटाच्या दोन झडपांना बाजूला जेमतेम दीड फूट पुरतो. खर्च वाढला, वरची यंत्रणाही जाड झाली, पण खांब आपल्या जागी राहिला.

वीज गेली तर दार आपोआप उघडून तसंच राहावं, म्हणून बॅटरी बसवली. दाराच्या वाटेत कोणी रेंगाळलं तर दार मिटू नये, म्हणून तिथे वेगळा सेन्सर दिला. सगळं नीट झालं, असं समजून मी घरी आलो.

आठवड्याने फोन. "दार मिटतच नाही. एसीची हवा सगळी बाहेर जाते."

जाऊन बघतो, तर सुटलेल्या सात फुटांत दोन खुर्च्या आलेल्या. त्यातल्या एकीवर बसलेल्या आजोबांनी गुडघा हलवला की येणारा माणूस टिपणारा दारावरचा रडार जागा व्हायचा आणि दार अदबीने उघडायचं. रडारची नजर आखडून पाहिली, तर चालत येणारा माणूस काचेला नाक लागेपर्यंत दाराला दिसेना. चूक दाराची नव्हती. मी झडपेचा चतकोर मोजला होता. दारापाशी येणाऱ्या माणसाची जागा मोजलीच नव्हती.

दाराजवळची खुर्ची मी स्वतः उचलून आत नेली. डॉक्टर हसल्या, "सात फूट सुटतील म्हणाला होतात."

"सुटले ना. त्यातले निम्मे येणाऱ्याला लागतात."

आता माझ्याकडे दोन रंगांचे खडू असतात. पांढऱ्याने झडपेची वाट काढतो, पिवळ्याने माणसाची. बाक, खुर्ची, कुंडी काय ठेवायचं ते पिवळ्या रेघेच्या पलीकडे.