उजवे आणि जमीन

परवा कर्नाळ्याला चहाच्या टपरीवर नैनाचा विषय निघाला. ६० टक्के जमीन सोडा, ४० टक्क्यांचा भूखंड घ्या. एकजण म्हणाला, "उजवे बिल्डरांचेच!"

म्हटलं, थांब रे. अमेरिकेत न्यू लंडन शहराला खासगी विकासासाठी सुझेट केलो यांचं घर हवं होतं. २००५ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी परवानगी दिली. विरोधात कोण? थॉमस, स्कॅलिया यांच्यासारखे पक्के उजवे! वशिलेवाल्यांसाठी गरिबाचं घर जाणार, हे त्यांचं म्हणणं. आम्ही हे ऐकलं ते लाल बावट्याच्या सभांत. १९८४ ला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची वाट उघडली.

आणि केलोंच्या त्या जागेवर? पुढे कित्येक वर्षं नुसतं गवत.