वासरकुप्पेच्या उतारावर

जर्मनीतील फुल्डा शहराच्या पूर्वेस, ऱ्होन पर्वतात, वासरकुप्पे हे ९५० मीटर उंचीचे शिखर आहे. त्याला सुळका नाही. गवताळ आणि वाऱ्याला चहूबाजूंनी उघडा असा विस्तीर्ण माथा आहे. १९११ साली डार्मश्टाटच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली ग्लायडर्स येथे उडविली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले, तेव्हा तरुणांनी इंजिनावाचून उडण्याचा ध्यास घेतला. १९२० पासून येथे स्पर्धा भरू लागल्या आणि १९२२ मध्ये आर्थर मार्टेन्स यांनी तासाहून अधिक काळ आकाशात राहून दाखविले.

व्यापारानिमित्त फ्रँकफर्टला गेलो असता तेथे स्थायिक झालेला माझा भाचा मला आग्रहाने येथे घेऊन आला. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाने हिवाळाभर खपून रेडिओने चालणारे छोटे ग्लायडर बांधले होते. आज त्याचे पहिले उड्डाण होते. मला वाटले, फेकले की झाले!

उतारावर एक वृद्ध जर्मन गृहस्थ आपले विमान जुळवीत होते. त्यांनी मुलाला हळूच थांबविले. प्रथम हातातील नियंत्रक सुरू करायचा, मग विमानातील बॅटरी जोडायची. बंद करताना क्रम उलटा. त्यांनी मुलाला विमानाच्या मागे उभे केले आणि दांडी उजवीकडे ढकलायला सांगितले. उजव्या पंखाची मागची पट्टी वर उचलली जायला हवी होती. ती खाली गेली! जोडणी उलटी झाली होती. विमान तसेच सोडले असते तर उजवीकडे वळविताना ते डावीकडे कलंडले असते, आणि खाली गवतावर एक कुटुंब मुलाबाळांसह बसलेले होते. मुलाचा चेहरा उतरला. त्याने नियंत्रकातील दिशा दुरुस्त केली आणि पुन्हा दोनदा पडताळली.

तेवढ्यात समोरून एक पॅराग्लायडर आला. माणूस हवेत असताना खेळण्याने वाट अडवायची नसते. आम्ही थांबलो. खालचे कुटुंबही उठून गेले.

मग आजोबांनी शेवटची गोष्ट सांगितली. तोंड वाऱ्याकडे, पंख समपातळीत, आणि फेक सरळ क्षितिजाच्या दिशेने. आकाशाकडे फेकले तर वेग ओसरतो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान नाकावर आदळते.

मुलाने नियंत्रक सांभाळला, भाच्याने विमान सोडले. ते क्षणभर खाली झुकले. मग उताराला थडकून वर चढणाऱ्या वाऱ्याने त्याला अलगद उचलून धरले. बारा मिनिटे ते आमच्या डोक्यावरून निःशब्द येरझाऱ्या घालीत होते.

विमान गवतावर उतरले तेव्हा आम्ही सारे टाळ्या वाजवू लागलो. मुलगा मात्र विमानाकडे धावला. त्याने आधी विमानातील बॅटरी सोडविली, मग नियंत्रक बंद केला आणि नंतरच आमच्याकडे पाहून हसला.