पांदण

वर्ध्याला जाऊन सेवाग्राम आणि पवनार चुकवता येत नाही, म्हणून पहिले दोन दिवस त्यात गेले. गोरसपाक बिस्किटांचे दोन पुडे घेतले, त्यातला एक मित्राच्या मामांपर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)त या मामाजींकडे मुक्कामाला आलो. जुलैचे दिवस, रात्रभर कौलांवर पाऊस.

सकाळी मागच्या दारातून उत्तरेला एक टेकडी दिसली. टेकडी कसली, राजगड-तोरण्याच्या मानानं उंबरठाच. वीस वर्षं सह्याद्रीत पायपीट केल्याचा माज माझ्यात आहे आणि तो लपत नाही. ‘‘दीड तासात वर जाऊन येतो,’’ मी म्हणालो. मामाजी बशीत चहा ओतत म्हणाले, ‘‘टेकडी काय जी, चढसान. पयले पांदण तं पार करा.’’

पांदण म्हणजे वावरांमधून जाणारी बैलबंडीची वाट. बंड्यांच्या चाकांनी पिढ्यान्‌पिढ्या उकरून ती शेतापेक्षा हात-दोन हात खोल गेलेली. आजूबाजूच्या वावरांचं पाणी मग तिच्यातच उतरतं. उन्हाळ्यात रस्ता, पावसाळ्यात नाला.

पन्नास पावलांत माझे बूट दुप्पट झाले. कोकणातला लाल चिखल पाडतो. हा काळा गारा धरून ठेवतो. पावलागणिक तळव्याला एक थर चढतो, त्यात गवत अडकतं, गवतावर पुन्हा थर. वीतभर उंच झाल्यासारखं वाटत असतानाच डावा बूट आत राहिला आणि नुसता मोजा बाहेर आला. एका पायावर उभा राहून मी बाभळीची फांदी धरली. ती काट्यांची होती, हे नंतर कळलं.

‘‘काहाले बूट घालता जी?’’

धुऱ्यावर तीन बायका उभ्या होत्या, निंदणाला निघालेल्या. डोक्यावर पोत्याच्या खोळी, चपला हातात. बोलणारी साठीची असावी. हसू आवरत ती खाली उतरली, घोट्यापर्यंत गाऱ्यात सरळ चालत आली, विळ्याचं टोक बुटाभोवती गोल फिरवलं आणि तो उपटला. पच्च असा आवाज झाला. ‘‘गाऱ्यानं बूट सोडला नाई, तं तुमीच त्याले सोडा,’’ म्हणाली. मी दुसराही काढला. तिनं तुराटीची काडी मोडून हातात दिली आणि माती कशी खरवडायची ते दाखवलं: टाचेकडून बोटांकडे, एका झटक्यात.

खरवडताना जरा लाजच वाटली. सह्याद्रीत ज्या काळ्या कातळाला मी मोठ्या प्रेमानं बिलगतो, त्याच बेसॉल्टची ही माती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तोच लाव्हा; तिकडे कडा होऊन उभा राहिला, इकडे झिजून वावरात पसरला. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशी भेगाळते की भेगेत हात जातो. माझा भाचा स्कॉटलंडात असतो. तिथल्या बेटांवरचे डोंगर उतारांवरसुद्धा दलदलीचे, कारण अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर चढणीवरही पाणी धरतो. इथं दलदल सगळी पायथ्याशी. मुरमाची टेकडी तिच्यात बेटासारखी कोरडी बसलेली.

पाऊस पुन्हा आला तसं त्या तिघींनी मला मोहाच्या झाडाखाली घेतलं. ‘‘थांबा, आता काय वापसा होत नाई.’’ त्यांनाही काम नव्हतंच. ओल्या रानात निंदायला बसलं तर माती तुडवली जाते आणि तण तिथंच पुन्हा धरतं. फडकं सुटलं. ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी, कांदा. तरोटा मी आयुष्यभर रस्त्याकडेचं तण म्हणून तुडवला होता. कोवळा पाला, तुरीच्या डाळीचे चार दाणे, लसूण, सुकी मिरची. किंचित कडसर, आणि भाकरीच्या धुरकट वासाला असा बिलगणारा की मी दुसरी भाकर न मागता घेतली. त्या साठीच्या मावशींनी तिसरी पुढं सरकवली. गोरसपाकाचा उरलेला पुडा पिशवीत होता तो काढला. एकीनं वास घेतला, अर्धा तुकडा चाखला, बाकीचा पदरात बांधला. ‘‘नातवाले.’’

‘‘टेकडीवर काय हाये, सांगा बरं?’’ मावशींनी विचारलं.

‘‘बघायला चाललोय.’’

‘‘कायच नाई जी. शेंदराचा गोटा हाये अन्‌ बकऱ्या हायेत.’’

टेकडीला वीस मिनिटं लागली. अनवाणी गेलो, मुरूम टोचला. शेंदराचा गोटा होता, बकऱ्या होत्या. वारा चांगला होता. खाली कोवळी पऱ्हाटी आणि तुरीच्या ओळी, मधून पांदणीची चकाकणारी रेघ, आणि मोहाखाली तीन ठिपके.

परतताना त्या तिथंच होत्या, पाऊस थांबूनही.

‘‘काय दिसलं वरून?’’

‘‘तुमचं वावर दिसलं.’’

‘‘अगं माय,’’ मावशी दुसरीकडे वळून म्हणाल्या, ‘‘मंग आपण बसून राह्यलो, तेबी दिसलं असन.’’